फाल्गुनातला कटला

कटल्याचं तोंड वर उघडतं. खालचा जबडा पुढे आलेला, ओठ जाड, मिशा नाहीत, आणि डोकं धडाच्या मानाने इतकं मोठं की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, घडवणाऱ्याचा अंदाज चुकला. पुसदच्या बाजारात रोहू आणि कटला एकाच घमेल्यात पडलेले असले तरी नुसत्या डोक्यावरून कटला ओळखता येतो. रोहूचं तोंड लहान, नाकाखाली वळलेलं. मृगळाचं त्याहूनही खाली. तोंडाची ठेवण पाहिली की कोण कुठे जेवतो ते कळतं. धरण म्हणजे तीन मजली वाडा धरला तर कटला माडीवर, रोहू मधल्या मजल्यावर आणि मृगळ तळघरात. तळ्यात या तिघांचं बीज एकत्र सोडतात ते याच हिशेबाने. एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही.

या तिघांत मला नाद कटल्याचा. रोहू चवीला सरस, हे मान्य. खाणाऱ्याने रोहूच घ्यावा. पण काठावर बसणाऱ्याचा विचार वेगळा असतो. मृगळ तळाशी काय करतो ते दिसत नाही. रोहू मधल्या पाण्यात, तोही नजरेआड. कटला तेवढा वर येऊन आपण असल्याचं सांगून जातो. सकाळी पाणी स्थिर असताना एखाद्या ठिकाणी ते आतून फुगतं, दोनचार बुडबुडे येतात आणि पुन्हा सपाट होतं. उडी नाही, आवाज नाही. एवढ्यावरून अंगाचा अंदाज बांधायचा आणि उरलेला दिवस त्या अंदाजावर काढायचा.

आमच्याकडे याचा हंगाम सुरू होतो होळीच्या आगेमागे. पुसद चहूबाजूंनी डोंगरांत बसलेलं गाव, पौषात रात्री चांगल्याच गारठतात. पाणी थंड झालं की कटल्याची भूक मंदावते. पाणी पंचवीस ते बत्तीस अंशांच्या दरम्यान असलं की त्याचं खाणंपिणं नीट चालतं, त्याखाली तो आळशी होतो. महाशिवरात्र गेली की ऊन चढायला लागतं आणि ऊन पाण्याला तापवतं ते वरून. माडी आधी तापते, तळघर शेवटी. म्हणून आमच्या तळ्यावर थंडीतून सगळ्यांत आधी जागा होतो तो कटलाच. वरच्या कोमट थरात डोळ्यांना धड न दिसणारे बारीक जीव वाढतात, आणि तोंड उघडून, पाणी ओढून, कल्ल्यांतून गाळून तो ते खातो. दुपारनंतर वारा सुटला की हे जीव पाण्याबरोबर एका काठाकडे ढकलले जातात. त्यांच्यामागून कटला येतो. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला बसावं, अंगावर धूळ आणि लाटा घेत. पाठीवर वारा घेऊन बसणारा आरामात बसतो आणि रिकाम्या हाताने उठतो.

तेव्हा धरणाचा काठ पाहण्यासारखा असतो. गव्हाला, हरभऱ्याला कालव्याने पाणी सोडलेलं असतं, त्यामुळे पातळी रोज थोडी थोडी उतरते. उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर झालेली असते. जिथे पावसाळ्यात दोन पुरुष पाणी होतं तिथे आता टरबुजाचे वेल पसरलेले. बुडालेल्या झाडांची खोडं वर आलेली असतात. ती गळ खातात. डोंगराच्या उतारावर पळस पेटलेला, आणि संध्याकाळी उशिरापर्यंत थांबलं तर एखाद्या तांड्यावरून लेंगीचे सूर ऐकू येतात. बंजाऱ्यांची होळी एका रात्रीत आटपत नाही.

पूस नदी वाशीमकडून येते, पुसदला पाणी आणि नाव दोन्ही देते आणि खाली हिवरा संगमाजवळ पैनगंगेला मिळते. तिच्यावरचं वरचं धरण १९७१ मध्ये पुरं झालं. जवळच्याच गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला आणि धरण कशाला हवं हे कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. पुढे १९८२ मध्ये पैनगंगेवर इसापूर झालं, १९८३ मध्ये महागावकडे खालचं पूस. बारा वर्षांत या मुलखाला तीन मोठी तळी मिळाली. त्याआधी इथल्या भोयांचं जगणं नदीच्या डोहांवर होतं. मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे हे त्यांचे मासे. उन्हाळ्यात नदीची डबकी झाली की धंदा बसायचा. धरणांनी पाणी बारमाही केलं आणि त्या पाण्यात कटला आणून सोडला गेला.

आणून सोडला, हे महत्त्वाचं. कटला मूळचा गंगेकडचा. त्यात त्याची एक अडचण अशी की साचलेल्या पाण्यात तो वाढतो, पोसतो, पण अंडी घालत नाही. त्याला पावसाळ्यातली पूर आलेली वाहती नदी लागते. कॉमन कार्प, ज्याला आपल्याकडे सायप्रिनस म्हणतात, तो परदेशातून आलेला पाहुणा. तो कुठल्याही डबक्यात पाणवनस्पतीला अंडी चिकटवून मोकळा होतो. कटल्याला ते जमत नाही. पूर्वी त्याचं बीज बंगाल-बिहारच्या नद्यांतून पुराच्या दिवसांत गोळा करावं लागे, आणि त्यात कटल्याबरोबर नको ते मासेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून, नदी आणि पूर यांच्याशिवाय, भारतीय कार्प माशांकडून अंडी घालवून घेतली. आज देशभर १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो तो यामुळे. पूस धरणातला प्रत्येक मोठा कटला त्या सुईचा वंशज आहे. मत्स्यजिरे, मग बोटुकली, मग प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून रात्रीचा प्रवास, आणि पहाटे धरणात. एवढं सगळं करून आलेल्या माशाला जंगली म्हणता येत नाही. पाळीवही म्हणता येत नाही, कारण पिशवी सोडल्यानंतर त्याला कुणी चारा घातलेला नसतो.

मग तो कुणाचा?

कागदावर याचं उत्तर सरळ आहे. जलाशयाचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ठेक्याची रक्कम ती भरते, बोटुकलीचे पैसे तीच भरते, पाऊस कमी पडला की तोटाही तिचाच. माझ्यासारखा गळ टाकून बसणारा माणूस तिथे पाहुणा. संस्थेच्या माणसांनी मला कधी हटकलं नाही, कारण मी आधी विचारून बसतो आणि उठताना दाखवून जातो. पण पाहुण्याने आपण पाहुणे आहोत हे विसरलं की काठावरची हवा बिघडते. मोठ्या शहरांतून भारी काठ्या, चाकं, खुर्च्या, छत्र्या घेऊन येणारे काही जण भोयांच्या जाळ्यांवर चिडताना मी पाहिले आहेत. ‘यांच्या जाळ्यांमुळे मासा उरत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जाळ्यांशिवाय इथे मासा आलाच नसता, हे त्यांच्या गावी नसतं.

शिवाय जाळ्याचा न्याय लोकांना वाटतो तसा नाही. तंगूसचं जाळं पाण्यात उभं टांगतात. मासा त्यात डोकं घालतो, कल्ल्यापर्यंत अडकतो, मागे येऊ पाहतो आणि तिथेच फसतो. त्यासाठी घराचं माप आणि डोक्याचं माप जुळावं लागतं. लहान मासा घरातून आरपार जातो. फार मोठ्याचं डोकं आत शिरतच नाही, तो जाळ्याला धडकून वळतो. दोनतीन किलोचा कटला सापडतो, पंधरा किलोचा बहुधा सापडत नाही. म्हणजे तळ्यातला म्हातारा कटला कधीतरी, एका वर्षी, जाळ्याच्या मापातून निसटून पुढे गेलेला असतो. त्या एका वर्षी त्याचं नशीब जोरावर होतं. त्यानंतर त्याचं आकारमानच त्याला राखतं.

अशा एका माशाच्या मागे मी होतो. शेपटीच्या वरच्या पात्याचा तुकडा गेलेला. ट्यूबवर बसून जाळी लावणाऱ्या पोरांनी तो जवळून पाहिला होता, मी काठावरून. त्याचं वजन कुणी पंधरा किलो सांगे, कुणी पंचवीस. पाण्यातल्या माशाचं वजन सांगणाऱ्याच्या वयाप्रमाणे वाढत जातं. त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. ‘तो’ म्हटलं की पुरे.

कटल्याला गांडूळ चालत नाही. गळाला लटकलेला मोठा घास त्याच्या कामाचा नाही, त्याला धूर लागतो; पाण्यात हळूहळू विरघळणारा, ढगासारखा पसरणारा खुराक. आमचा जिल्हा कापसाचा, तेव्हा सरकीची ढेप हाताशी. ती रात्रभर भिजवायची, सकाळी कुस्करायची, शेंगदाण्याची ढेप आणि भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ मिसळायचं, किंचित गूळ. गोळा इतपत घट्ट हवा की फेकताना फुटू नये आणि इतपत सैल की पाण्यात पडल्यावर सुटत राहावा. त्या गोळ्याभोवती बारीक गळ रोवून ठेवायचे. कटला गोळा खात नाही. गोळ्याभोवतीचं गढूळ पाणी ओढतो आणि पाण्याबरोबर एखादा गळ आत जातो. तळाशी शिसं टाकून बसणाऱ्याला कटला मिळत नाही, कारण तो तिथे राहतच नाही. गोळा पाण्याच्या वरच्या अंगाला झुलत ठेवावा लागतो. माझ्याकडे त्यासाठी अजून ज्वारीच्या धांड्याचा तुकडा आहे. दुकानात रंगीत प्लास्टिकचे मिळतात, ते मला भडक वाटतात.

या पाककृतीचा अभिमान वाटू लागला की मी मानसोल्लास आठवतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा हा संस्कृत ग्रंथ ११३० च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्यापासून फार लांब नाही. राजाने वेळ कसा घालवावा याची त्यात भली मोठी जंत्री आहे, आणि तीत मत्स्यविनोद नावाचं एक प्रकरण. माशांच्या जाती, कोण समुद्रातला, कोण नदीतला, कुणाला खवले आहेत, कुणाला नाहीत, कोणत्या माशाला काय खाऊ घालून माजवावं, दोर कसा, काठी कशी, गळ कसा, सगळं सविस्तर. आधी चारा टाकून मासा एका जागी सवयीचा करावा आणि मग गळ टाकावा ही युक्ती तेव्हाही होती. जवळजवळ नऊशे वर्षांत आम्ही ढेपेच्या प्रमाणात थोडा फेरफार केला, एवढंच. मात्र ते प्रकरण वाचताना मला सारखं वाटत राहतं की राजाचा चारा मळणारे, मासा कुठे फिरतो ते सांगणारे, काठ साफ करणारे हात दुसऱ्या कुणाचे तरी असणार. ग्रंथात विनोद राजाचा आहे. ज्ञान बहुतेक त्या हातांचं असावं.

माझ्याही बाबतीत तेच. पाण्याविषयी मला जे काही कळतं ते काठावर झोपडी असलेल्या एका वृद्ध भोईबाबांकडून आलेलं आहे. धरण भरलं तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. बुडालेल्या नदीचं पात्र त्यांच्या डोक्यात अजून शाबूत आहे: इथे डोह होता, इथे खडक, इथे आंब्याचं झाड. वरून सगळं पाणी एकसारखं दिसतं, पण कटला अजूनही जुन्या पात्राच्या कडेकडेनेच फिरतो असं त्यांचं म्हणणं. मी कुठे बसावं हे ते हनुवटीने दाखवतात.

एकदा दुपारी, मासा काही हलत नव्हता तेव्हा, मी त्यांना इंग्लंडातली गोष्ट सांगितली. तिकडे कार्पच्या मागे आयुष्य घालवणारी माणसं आहेत. नद्यांवर तीन महिने बंदी असते, ती १६ जूनला उठते, आणि त्या मध्यरात्री लोक गळ हातात घेऊन काठावर बसलेले असतात. १९५२ मध्ये रिचर्ड वॉकर नावाच्या माणसाने रेडमायर नावाच्या लहानशा तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस किलोचा कार्प धरला आणि देशभर त्याचा गाजावाजा झाला.

“अन् मंग खाल्ला कसा?” बाबांनी विचारलं.

“खाल्ला नाही, बाबा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दिला. तिथे काचेच्या टाकीत पुढे कित्येक वर्षं जगला. त्याचं नावही ठेवलं होतं, क्लॅरिसा.”

बाबा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

“पोट भरेल लोकायचं खेळणं हाय गुरुजी,” ते म्हणाले. “खायाचा नोयता तं धरला कायले?”

मी म्हटलं, मोठा होता म्हणून. त्यावर ते हसले. त्यांच्या हसण्यात तिरस्कार नव्हता, पण सूटही नव्हती. मला वाटतं, त्या प्रश्नाला वॉकरकडेही धड उत्तर नसतं. मला स्वतःला हा धरून सोडण्याचा प्रकार पटत नाही. गळ ओठात रुतवून, दमवून, वजन करून, फोटो काढून पाण्यात सोडायचं आणि वर त्याला माशावरची माया म्हणायचं, हे मला अवघड जातं. भूक नसेल तर गळच टाकू नये. पण मग मी फाल्गुनात तिथे काय करतो, हा प्रश्न उरतोच. घरी रोहू आणायला बाजार आहे. खरं सांगायचं तर त्या एका माशाने मला वारा कुठून येतो, पाणी रोज किती उतरतं, ढग आले की बुडबुडे का थांबतात, हे पाहायला लावलं, आणि तेवढं पाहायला मिळावं म्हणून मी जातो. मासा लागला तर जेवतो. लहान कटले मला अधूनमधून मिळाले. त्या तुटक्या शेपटीवाल्याने माझा गळ कधी घेतला नाही. गोळ्याच्या आसपास आला, पाणी फुगवलं आणि गेला.

तो सापडला चैत्राच्या शेवटी. पाणी खूप खाली गेलं होतं आणि संस्थेने मोठं ओढायचं जाळं लावलं. उभ्या जाळ्यातून आकारामुळे वाचणारा मासा ओढजाळात आकारामुळेच वाचत नाही. तिथे माप चालत नाही, सगळंच किनाऱ्याला येतं. मला निरोप आला तेव्हा तो काट्यावर होता. साडेअठरा किलो. शेपटीचं वरचं पातं तसंच, कडेने जुनं झालेलं. पोरं खुशीत होती, कारण त्या दिवशीचा हिस्सा चांगला पडणार होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. वाईट वाटलं का, असं घरी विचारलं. थोडं वाटलं. पण त्यात गैर काय झालं ते मात्र मला शोधून सापडलं नाही. ज्यांनी तो बोटाएवढा असताना पैसे मोजून पाण्यात सोडला, त्यांनीच तो काढला. मधल्या काळात तो मला फुकट पाहायला मिळाला.

बाजारात मावशींनी विळ्यावर त्याचे तुकडे केले. मी डोकं मागून घेतलं. एवढ्या मोठ्या कटल्याचं मांस राठ होतं, चव उतरते. दोन किलोचाच कटला खावा. डोकं मात्र उत्तम. कल्ल्यांमागचा आणि डोळ्याभोवतीचा भाग तिखट रश्श्यात मुरला की त्याला तोड नाही.

मला राग येतो तो चैत्रातल्या जाळ्याचा नाही, मृगानंतरच्या काठीचा येतो. पहिले पूर आले की धरणातले मासे वर, नदीच्या वाहत्या पाण्याकडे चढू लागतात. पोटं अंड्यांनी फुगलेली. कटल्याला अंडी घालायला जे हवं ते एवढ्याच दिवसांत, एवढ्याच ठिकाणी मिळण्याची शक्यता. आणि नेमकं तेव्हाच उथळ ओढ्यात काठ्या, विळे, मच्छरदाण्या घेऊन गावंच्या गावं उतरतात. त्यात भोई कमी असतात, हौशी जास्त. एक मासा मारला की त्याच्या पोटातली लाखभर अंडी कुत्र्यांपुढे जातात, आणि पुढच्या वर्षी संस्थेला तेवढीच बोटुकली पुन्हा विकत आणावी लागते. याला मी परंपरा म्हणायला तयार नाही.

तेव्हा पुसदला गळ घेऊन येणार असाल तर होळी ते गुढीपाडवा या दिवसांत या. ढेप आणू नका, ती इथे चांगली मिळते. काठावर पोचल्यावर आधी संस्थेच्या माणसाला विचारा, तो सांगेल तिथेच बसा, त्यांच्या जाळ्यापासून लांब. तुटलेलं तंगूस पाण्यात टाकू नका, गुंडाळून घरी न्या. आणि आषाढात येऊ नका.